डोक्यावर वेळ नाही

चोवीस तासांची नऊ मिनिटं होतात.
मशीन करतं. मी चहा पितो
आणि हिरवी पट्टी भरायची वाट बघतो.

आधी ते रिकामं सगळं उपसून टाकतं:
दुपारचे दीड ते चार, जेव्हा सोलापुरात
कुत्रंसुद्धा शटरच्या सावलीला चिकटून असतं,
आणि रात्रीचा तो दिव्याखालचा लांबलचक रस्ता
ज्यावर एक प्लास्टिकची पिशवी
तासभर विचार करते, जावं की न जावं.

मग जे हललं तेवढं उचलून
एकाच रस्त्यावर एकदम सोडतं,
प्रत्येकाच्या डोक्यावर ज्याची त्याची वेळ.
६:१२ चा दूधवाला २३:४० च्या दारुड्याच्या
अंगातून आरपार जातो, कुणी सॉरी म्हणत नाही.
१०:०५ ची शाळेची रिक्षा, १४:३० ची तिरडी,
पोरं मागे वळून हसतायत, भलत्याच कशाला तरी.
एकदा कन्ना चौकातले बाप-लेक,
वाटणी झाल्यापासून बोलत नाहीत,
८:५० आणि १९:१५,
खांद्याला खांदा लावून चालत गेले.
ते मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा नाही.

भूदेवी आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
बोटांना तंबाखूचा वास, मांडीवरच्या सुपाची धूळ
अजून पदरावर.
नायना घरी नाहीत, म्हणाली.
सत्तय्या येमुल. पांढरा शर्ट. उंची एवढी,
तिने हात स्वतःच्या कानाशी धरला.
नऊला मी विड्या द्यायला गेले, त्यानंतर कधीतरी.
माग विकल्यापासून असंच चाललंय.

मी भरलं: नऊ ते नऊ. माणूस. पांढरा.
बारा तासांची चार मिनिटं आली
आणि सत्तावन्न पांढरे शर्ट एकदम रस्त्यावर,
जसा कुठल्यातरी लग्नाचा वऱ्हाडी ट्रक उलटलाय.
ती एकेकाला बोट लावून नाही म्हणत गेली.
अठ्ठेचाळिसाव्याला थांबली.
तो तिचा चुलतभाऊ होता,
जो सहा महिन्यांपासून पुण्यात नोकरीला आहे.

परत लावा, म्हणाली. लावलं.

या वेळी तिने बोट भलतीकडेच ठेवलं,
सगळ्या चालणाऱ्यांच्या मागे, भंगारवाल्याच्या कुंपणाशी,
जिथे किलोच्या भावाने घेतलेले माग
एकावर एक रचून ठेवलेत.
तिथे एक मळकट पांढरा डाग.
डोक्यावर वेळ नाही.

पोतं असेल अक्का, मी म्हणालो.
मशीनलाही तसंच वाटलं होतं.
जे सुरुवातीपासून आहे आणि हलत नाही
ते भिंत, असंच शिकवलंय त्याला.
नऊच्या आधीच, पहाटेच, येऊन बसला असणार;
ती गेली तेव्हा आतल्या खोलीत
फक्त चादर झोपलेली.

मी सारांश बंद केला. मूळ फीत लावली,
एकपट वेगाने, जशी इथे कुणीच लावत नाही.
चार बावन्न. काही नाही.
चार अठ्ठावन्न. काही नाही, एक बकरी.
पाच वाजून तीन मिनिटांनी
डावा हात गुडघ्यावरून उठतो,
हवेत चिमटीने काहीतरी पकडतो, पिळतो, सोडतो.
तार तुटली, भूदेवी म्हणाली.
मशीनच्या हिशेबात एवढं हलणं
म्हणजे लिंबाचं पान.

आणि वर उजवीकडे, चौतीस चौकटींतल्या एकीत,
आत्ताचा रस्ता चालूच होता,
ती दारातून आली तेव्हापासून चालू होता.
तिथे तो होता.

बीट मार्शलला फोन केला.
नऊ एकोणसाठला टॉर्चचा उजेड पडला,
तो भिंतीला धरून उठला
आणि लगेच त्याच्याभोवती
पिवळी चौकट आली, वर आकडे.

भूदेवी पदर खोचून निघाली.
दारात थांबली, मागे न बघता विचारलं,
त्या भावाची वेळ काय होती म्हणालात?

अकरा बावीस.